तुवालूचं म्हणणं असं आहे

(दृश्य: कॉलेजचा हॉल. टेबलांवर देशांच्या नावांच्या पाट्या.)

मला अमेरिका हवी होती. गेला बाजार फ्रान्स. मॉडेल यूएन, म्हणजे विद्यार्थ्यांनी देशांचे प्रतिनिधी होऊन भरवलेली लुटुपुटूची संयुक्त राष्ट्रं. तिच्या यादीत माझ्या नावापुढे आलं तुवालू. आधी वाटलं, छपाईची चूक असेल.

प्रशांत महासागरातली नऊ बेटं. सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर, माणसं 11 हजारांच्या आसपास. 2000 साली हा देश संयुक्त राष्ट्रांचा 189वा सदस्य झाला. आमसभेत मत एक. भारतालाही एकच.

2021 मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे सूट-टाय घालून गुडघाभर समुद्रात उभे राहिले आणि ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी भाषण केलं. तो व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेला असतो. मी अडकले ती पुलाकापाशी. हा अळूच्या कुळातला कंद. गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा आणि त्यात लावायचा. समुद्राचं खारं पाणी खालून झिरपलं की कंद नासतो.

माझं आजोळ पेणच्या खारेपाटात. उधाणात बांधाला खांड पडली की भाताच्या शेतात खाडी शिरते. त्यामुळे पुलाकाचं दुखणं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

(दृश्य: तुवालूची पाटी वर जाते.)

बोलायला नव्वद सेकंद. इथे 'मी' म्हणायचं नाही, प्रतिनिधी म्हणजेच देश. मी उठले, पुलाकावर आले आणि तोंडून गेलं, "आमच्या गावी..." अध्यक्षांनी टेबलावर पेन वाजवलं. हॉल हसला. उरलेला वेळ 'तुवालूचं म्हणणं असं आहे' याच आधारावर निभावला. तेही इंग्रजीत, उधाणाला तिकडे 'किंग टाइड' म्हणतात, हे आदल्या रात्री शोधलेलं.

खरं राजकारण चालतं अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे सरळ घोळक्यांत. ठराव कितीही पानांचा असो, ते एकच वाक्य असतं. कलमं अर्धविरामांनी जोडलेली, पूर्णविराम पार शेवटी. भांडण क्रियापदावर. आमच्या मसुद्यात श्रीमंत देश हवामानबदलाच्या नुकसानीची भरपाई 'देतील' होतं. अमेरिकेचा प्रतिनिधी मोठा गोड मुलगा, बिस्किटंसुद्धा त्यानेच आणलेली. त्याला हवं होतं 'देण्याचा विचार करावा'. वर म्हणाला, "ऑस्ट्रेलियाशी 2023 मध्ये करार केलात ना? वर्षाला 280 जण तिथे राहायला जाऊ शकतात. मग अडचण काय?"

मी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला आणि त्याच्यापुढे सरकवला. 39 वर्षं.

तो गप्प बसला. क्रियापद मात्र सोडलं नाही. शेवटी 'द्यावी, असं आवाहन' यावर तडजोड झाली. ठराव मंजूर. मीही पाटी वर केली, फार खुशीने नाही.

(दृश्य: रात्र. बसची खिडकी.)

परतताना आजीला फोन लावला. तुवालू, पुलाका, खारं पाणी, सगळं सांगितलं. ठरावाचं तिने काही विचारलं नाही.

"मग तिथला बांध कोण घालतं?" म्हणाली.

माझ्या बारा पानी तयारीत बांध हा शब्दच नव्हता.