नागीण, गोळी आणि आग

श्रोतेहो, नमस्कार.

कंबरेवर एका बाजूला पुरळांचा पट्टा उठला की लालबाग-परळच्या चाळींत अजूनही ऐकू येतं, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस हातचा गेला! तसं काही होत नाही. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती ढिली पडली की डोकं वर काढतो.

विषाणूला औषधानं गाठणं अवघड, कारण त्याच्याकडे स्वतःचं असं फार थोडं असतं. आपल्याच पेशीत शिरून, तिच्याच सामग्रीवर तो आपल्या प्रती काढतो. सामग्री तोडावी तर पेशीही जाते. अमेरिकी औषधसंशोधक गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून १९७०च्या दशकात आलेल्या असायक्लोव्हिर या औषधानं यातून वाट काढली. हा छोटासा रेणू डीएनएच्या एका घटकासारखा दिसतो, पण अर्धवट. निरोगी पेशीत तो जवळपास निपचित पडून असतो. विषाणूचं एक एन्झाइम मात्र त्याला आपला समजून फॉस्फेट जोडतं. आणखी दोन फॉस्फेट मग आपली पेशीच जोडते. मग तो विषाणूच्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतो आणि पुढची कडी अडकवायला जागाच उरत नाही. सुरुंगाची वात चोरानं स्वतःच पेटवावी, तसं! एलियनबाईंना १९८८ साली नोबेल मिळालं. पीएच.डी. मात्र त्यांनी कधी पुरी केली नव्हती.

पुरळ सुकतो, पण काहींची आग महिनोन्महिने जात नाही. अंगावर सदरा घासला तरी जीव कळवळतो. इथं शत्रू परका नाही, नसा आपल्याच आहेत. मॉर्फिन दुखणं दाबतं, पण श्वासही मंदावतो आणि सवय लागते. म्हणून शोध सुरू झाला तो फक्त वेदनेच्या नसांत असलेल्या सोडियमच्या दारांचा, म्हणजे ज्यांतून सोडियम आत शिरला की वेदनेचा निरोप पुढे जातो त्या सूक्ष्म वाटांचा. २००६ साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत असं एक दार जन्मतःच निकामी असल्याचं कळलं. त्या मुलांना वेदना ठाऊकच नव्हती. ऐकायला वरदान वाटतं, पण जीभ चावली, हाड मोडलं, तरी त्यांना पत्ता नसे.

तशाच दुसऱ्या एका दारावर बसून ते अडवणाऱ्या सुझेट्रिजिन या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२५मध्ये मान्यता मिळाली. तीही शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासारख्या थोड्या दिवसांच्या वेदनेसाठी. नागिणीमागच्या आगीला तिथं अजून जागा नाही.

आपल्या पावसाळ्यात ज्याची भीती, त्या चिकनगुनियाच्या विषाणूवर तर अजून नेमकी गोळीच नाही. सांधे धरले तरी पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती. डेंग्यू नाही असं रक्त तपासून कळेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. आणि नागीण उठली तर गेरूचा लेप लावत बसू नका. पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा, गोळी तेव्हाच नीट लागू पडते.

नमस्कार.