चुन्याच्या गाडीला दीड पेनी

नमस्कार, श्रोतेहो.

वेल्समधल्या अँगलसी बेटावर, लानवायरपूल गावात, एका जुन्या टोलघराच्या भिंतीवर दरफलक अजून वाचता येतो. स्प्रिंगची घोडागाडी असेल तर दर घोड्यामागे चार पेन्स. मालगाडी असेल तर तीन. नुसतं गाढव हाकत नेलंत तरी एक पेनी. मेंढरांना वीस नगांमागे पाच पेन्स. आणि शेतात टाकायला चुना नेणारी गाडी असेल तर दर घोड्यामागे फक्त दीड पेनी!

हा लंडन ते होलीहेड रस्ता. होलीहेड म्हणजे याच बेटाच्या टोकाचं, आयर्लंडला जहाजं सुटणारं बंदर. १८०१मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेलं, डब्लिनची संसद बंद झाली आणि तिकडच्या खासदारांना लंडन गाठणं भाग पडलं. त्यांचे हाल झाले, म्हणून सरकारी पैसा निघाला. (कुणाचे हाल झाले की रस्ता होतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.) १८१५पासून थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरनं डोंगर असे कापले, की वीस फुटांना एका फुटाहून जास्त चढ सहसा लागू नये. १८२६मध्ये, बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या मेनाईच्या खाडीवर, १७६ मीटर गाळ्याचा झुलता पूल झाला. टपालगाडीचा छत्तीस तासांचा प्रवास सत्तावीसवर आला.

टोलघरं टेलफर्डनंच आखली. लानवायरपूलचं तर अष्टकोनी, रस्त्याच्या दोन्ही बाजू घरातूनच दिसाव्यात असं. टपालगाडीला टोल माफ. गार्ड लांबूनच तुतारी फुंकायचा आणि नाकेदारानं, मध्यरात्र असली तरी, उठून फाटक उघडायचं.

शेतकऱ्यासाठी तुतारी कोण फुंकणार? नैर्ऋत्य वेल्समध्ये टोलची वसुली लिलावानं ठेकेदाराकडे जायची, आणि जमीन आंबट असल्यामुळे चुन्यावाचून पीक येत नसे. एका खेपेत चार-चार फाटकं लागली, तर चुन्यापेक्षा टोलच महाग. १८३९च्या मे महिन्यात एफाइलवेनला लोकांनी फाटक फोडलं. बाप्यांनी लुगडी नव्हे, पण बायकांचे झगे घातले होते, तोंडाला काळं फासलं होतं, आणि म्होरक्याचं नाव ‘रिबेका’. १८४३पर्यंत हा दंगा धुमसत राहिला. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि तिथल्या चुन्याचा टोल निम्मा झाला.

होलीहेडच्या रस्त्याला दंगेखोरांनी नाही, आगगाडीनं गाठलं. १८३८मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली आणि आयर्लंडचं टपाल लिव्हरपूलमार्गे जाऊ लागलं. अँगलसीवरची फाटकं मात्र १८९५पर्यंत मेंढरांचे पैसे मोजून घेत होती.