चाई पसरली असेल तर ट्रीटमेंट कुठली घ्यायची

नमस्कार श्रोतेहो. आज चाईबद्दल बोलूया, डॉक्टर जिला ॲलोपेशिया एरिआटा म्हणतात ती, आणि त्यातही ज्या मोठ्या माणसांचे डोक्यावरचे निम्मे किंवा त्याहून जास्त केस गेलेत त्यांच्याबद्दल. ही तेलाची, शाम्पूची किंवा टेन्शन घेण्याची शिक्षा नाही हो, आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर तुटून पडते. पण मुळं मरत नाहीत, म्हणून केस परत येण्याची शक्यता राहते.

छोटा चट्टा असला की स्टेरॉइडची इंजेक्शनं तिथल्या तिथे देतात, पण अख्खं डोकं गेलं तर टोचणार कुठे कुठे? पोटातून स्टेरॉइड घेतलं तर केस येतात, डोस कमी केला की बऱ्याचदा परत जातात, आणि शुगर, हाडं, वजन यांचा त्रास वेगळाच. डीपीसीपी नावाचं औषध लावून मुद्दाम ॲलर्जी उठवायची पद्धतही आहे, खाज सोसायची आणि महिनोन्‌महिने दर आठवड्याला जायचं, ते प्रत्येकाला जमत नाही.

आता जॅक इनहिबिटर गोळ्या आल्यात, हल्ल्याचा निरोप पेशीच्या आत जातो तो रस्ता त्या अडवतात. अमेरिकेत 2022 मधे बॅरिसिटिनिब, 2023 मधे रिटलेसिटिनिब आणि 2024 मधे ड्युरुक्सोलिटिनिब अशी या आजारासाठी मंजुरी मिळाली. बॅरिसिटिनिबच्या 4 मिलिग्रॅमवर 36 आठवड्यांनी 36 ते 39 टक्के लोकांचं डोकं किमान 80 टक्के भरलं, तुलनेसाठी औषध नसलेली, नुसती तशीच दिसणारी गोळी दिलेल्यांत हेच 3 ते 6 टक्के. रिटलेसिटिनिबचा आकडा साधारण 23 टक्के आणि ड्युरुक्सोलिटिनिबचा 30 च्या आसपास, पण हे दोन्ही 24 आठवड्यांचे. म्हणून 39 मोठा आणि 23 छोटा असं म्हणून पहिला नंबर देऊन टाकू नका, मुदत वेगळी, पेशंट वेगळे, आणि या चाचण्यांत गोळ्या एकमेकींसमोर उभ्याच केलेल्या नव्हत्या. शिवाय ज्यांचे जवळपास सगळेच केस गेलेत किंवा ज्यांना बरीच वर्षं झालीत त्यांना फायदा कमी दिसतो, आणि काहींना खूप उशिरा दिसतो, दोन-तीन महिन्यांत निराश होऊन गोळी सोडू नका.

मला विचाराल तर टक्क्यांपेक्षा मोठा प्रश्न हा आहे की ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची तुमची तयारी आहे का, कारण बंद केली की बहुतेकांचे केस पुन्हा गळतात. या गोळ्यांवर गंभीर इन्फेक्शन, रक्ताच्या गुठळ्या, हार्टचा त्रास आणि कॅन्सरबद्दल कडक इशारा छापलेला असतो. सगळ्यांना हे होतं असं अजिबात नाही, पण सिगरेट ओढत असाल, आधी कधी गुठळी झाली असेल, बाळाचा विचार चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवू नका. सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिसची तपासणी, रक्ताच्या टेस्ट, राहिलेल्या लसी हे सगळं करून घ्या, नंतरही टेस्ट चालू ठेवायच्या असतात.

आणि घरच्यांना एक विनंती. सगळं समजून घेऊन कुणी गोळी नको म्हणालं, विग लावला किंवा तसंच फिरायचं ठरवलं, तर तोही विचार करून घेतलेला निर्णय आहे, त्यांच्यामागे रोज नवीन औषधाचा धोशा लावू नका.