सिडकोत खोली बघताय? भाडं विचारण्याआधी जिना बघा

नमस्कार मंडळी. नाशिकला नोकरी लागली, खोली शोधायला सुरुवात केली, की चौघांतले तिघं एकच सांगतात, "सिडकोत बघ, परवडेल." हा व्हिडिओ त्या "परवडेल"बद्दल आहे. का परवडतं, आणि कशाच्या बदल्यात.

सिडको हा नाशिकचाच एक भाग, महापालिकेच्या कागदावर "नवीन नाशिक". रिक्षावाल्याला मात्र "नवीन नाशिकला सोडा" म्हणून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. त्याला पवननगर, उत्तमनगर, सावतानगर, त्रिमूर्ती चौक असं काहीतरी सांगावं लागतं. मीटरचा विषय मात्र काढू नका, उगाच वेळ जातो.

थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सातपूरला एमआयडीसी झाली, मग अंबडला झाली. कामगार यायला लागले, त्यांना राहायला घरं हवी होती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाने सत्तरच्या दशकात इथे काम हातात घेतलं आणि पुढे सहा योजनांमध्ये मिळून २५ हजारांच्या आसपास घरं बांधली. जुने लोक अजूनही पत्ता सांगताना "पहिली स्कीम", "सहावी स्कीम" म्हणतात. लेखी पत्ते तर वेगळीच मजा आहे. एन-४२, मग दोन इंग्रजी अक्षरं, मग तिरप्या रेघा मारून तीन आकडे. नवीन कुरिअरवाल्याची परीक्षाच.

[गल्लीच्या तोंडाशी उभं राहून]

आता ही गल्ली बघा. एकही घर दुसऱ्यासारखं दिसत नाही ना? पण सुरुवातीला ही सगळी सारखीच होती. खोली, स्वयंपाकघर, पुढे-मागे थोडी मोकळी जागा. कारखान्यातल्या माणसाला हप्त्यावर झेपेल एवढंच. मग पोरं मोठी झाली, लग्नं झाली, वर स्लॅब पडला. बोनस मिळाला, अजून एक मजला चढला. आणि वर जायला जिना काढला तो बाहेरून, पुढच्या मोकळ्या जागेतून. बाहेरून का? तर वरची खोली भाड्याने देता यावी, आणि भाडेकरूला मालकाच्या घरातून जावं लागू नये.

सिडकोतलं भाडं कमी का, याचं उत्तर या जिन्यात आहे. तुम्हाला परवडणारी खोली कुठल्या बिल्डरने बांधलेली नाही. जमिनीचे पैसे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच फिटलेत. लिफ्ट नाही, वॉचमन नाही, सोसायटीचा मेंटेनन्स नाही. निवृत्त झालेल्या एखाद्या काकांची ती पेन्शन आहे, म्हणा ना. कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर तुम्ही भाड्यात ज्याचे पैसे भरता, त्यातलं बरंचसं इथे नाहीच.

आणि गंमत म्हणजे, सिडकोबद्दलच्या सगळ्या तक्रारीही याच जिन्यावरून खाली येतात. गाडी लावायची जागा जिन्याने खाल्ली. वर गॅलऱ्या पुढे निघाल्या, समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून वाटी देता-घेता येईल इतक्या. तळमजल्यावर दिवसा लाइट लावावा लागतो. भिंतीला भिंत असल्यामुळे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजू शकता. आग लागली तर अग्निशमनची मोठी गाडी आत यायची पंचाईत. त्यामुळे "सिडकोवाल्यांनी अतिक्रमणं करून वाट लावली" असं कुणी म्हणालं की मला एवढंच विचारावंसं वाटतं: तुम्ही राहता तो मजला कुठला? बहुतेक भाडेकरू त्या वाढीव बांधकामातच राहतात. स्वस्त खोली आणि मोकळी गल्ली, दोन्ही एकदम मिळणार नाही.

रात्री गाड्या रस्त्यावरच राहतात. गाड्यांच्या काचा फोडल्याच्या, गाड्या जाळल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या खऱ्या आहेत, मी लपवणार नाही. नवी कोरी चारचाकी घेऊन येणार असाल तर आधी ती कुठे उभी राहणार ते ठरवा.

पण याच गल्लीचं दुसरं रूप रात्री अकरानंतर बघायला मिळतं. दुसरी शिफ्ट सुटते. कुणी डबा हलवत येतो, कुणाची आई गॅलरीत उभी असते, एखादी टपरी अजून चालू असते. अंबडमध्ये कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका सकाळी घोळक्याने चालत जातात. घरापासून कामापर्यंत चालत. पेट्रोलच्या भावात हे किती मोठं आहे ते ज्याचं त्याला कळतं. शहरात जायचं तर शेअर रिक्षा आहे, २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस आहे. भाजी, चक्की, मेडिकल, शिंपी, मोबाइल दुरुस्ती, सगळं चप्पल घालून जाण्याच्या अंतरावर. पवननगरच्या बाजारात संध्याकाळी पिशवी घेऊन गेलात तर आठवड्याची सोय होते.

लोक कोण आहेत? धुळे, जळगाव, मालेगाव, सटाणा इकडची घरं खूप. त्यामुळे जिन्यावर भेटलं की "कथा चालना, भाऊ?" ऐकू येतं, म्हणजे "कुठे निघालास?" अहिराणी येत नसेल तरी हसून मान हलवायची, तेवढं पुरतं. शेवभाजी खायला खान्देशात जायची गरज नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खान्देशातली देवी, बसते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी मिरवणुकीने विसर्जन. त्या रात्री झोप मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कानात कापूस घालण्यापेक्षा खाली जाऊन बसलेलं बरं.

खाली मालकीणबाई असतात, म्हणजे मावशी. कोण आलं, किती वाजता आलं, किती वेळ थांबलं, मावशींना सगळं माहीत असतं. एकट्या मुलीला याचा जाचही होतो आणि आधारही होतो. आजारी पडलात तर पेज वर येईल. मित्र आले तर प्रश्नही वर येतील. बॅचलर मुलांना तर बऱ्याच ठिकाणी फाटकातूनच नकार. मला स्वतःला हे पटत नाही, पण आहे हे असं आहे.

आता कामाचं. नाशिकला गंगापूर आणि मुकणे धरणांचं पाणी येतं, पण तुमच्या नळाला ते मालकाच्या मोटरवरून येतं. नळ ठराविक वेळेला येतो, खालची टाकी भरते, मोटर लावली की वरची. म्हणून विचारा: मोटर कोण लावतं, आणि मावशी गावाला गेल्या तर कोण लावतं? दुसरं, लाइटबिल. वर बहुतेक सबमीटर असतो, म्हणजे मालकाच्याच मीटरवरून काढलेला वेगळा मीटर. युनिटला किती घेणार ते आधीच बोलून घ्या, बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब आहे का पत्रा, तेही बघा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपार काढणं अवघड आहे.

आणि करारनामा. "अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला करायचा?" हे तुम्हाला हमखास ऐकवतील. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही या जुन्या नियमावरून ही सवय पडली. महाराष्ट्रात ती चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे हाच अकरा महिन्यांचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे काकांना नीट, न चिडता सांगा. त्यांच्याच फायद्याचं आहे. स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटचा थोडा हिशोब मिळवायचा. एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठे होतात, काम संपतं. गॅस, बँक, सगळीकडे हाच कागद चालतो.

घर विकतच घ्यायचं असेल तर तो वेगळा विषय. इथली घरं मुळात ९९ वर्षांच्या लीजवर दिलेली, त्याचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. त्यावर पुढचा व्हिडिओ करतो.

आणि खोली बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळे कामावर असतात, गल्ली रिकामी आणि रुंद दिसते. रात्री नऊनंतर जा, सगळ्या गाड्या परत आल्यावर. जमलं तर दुचाकीवरच जा.