स्तनाची तपासणी काखेपर्यंत का?

श्रोतेहो, नमस्कार. ज्या अवयवाविषयी आपल्या घरांत आई लेकीशीही मोकळेपणाने बोलत नाही, त्या स्त्रीच्या स्तनाविषयी आज मी बोलणार आहे, कारण त्याची रचना ठाऊक असली की डॉक्टर काय तपासतात आणि का तपासतात, हे कळते.

स्तन साधारण दुसऱ्या ते सहाव्या बरगडीपर्यंत असतो. त्याच्या आत चरबीत रुजलेले 15 ते 20 दुग्धखंड असतात आणि त्यांच्या नलिका स्तनाग्राकडे येतात. बहुतेक कर्करोग या नलिकांच्या अस्तरातच सुरू होतात. दुधाच्या ग्रंथी वरच्या, काखेकडील भागात सर्वाधिक असतात, म्हणून गाठीही तिथेच जास्त आढळतात. या भागाचे एक टोक थेट काखेत शिरते, त्यामुळे फक्त गोलाकार भाग चाचपून केलेली तपासणी अपुरीच म्हणायला हवी.

स्तनाला आधार देणारे तंतुमय बंध त्वचेपर्यंत पोहोचलेले असतात. गाठीमुळे ते आखडले की त्वचा आत ओढली जाते आणि हात वर केल्यावर एरवी न दिसणारी खळी दिसू लागते. डॉक्टर कमरेवर हात दाबून धरायला सांगतात, तेव्हा छातीचा स्नायू ताठ होतो. एरवी बोटांखाली सरकणारी गाठ त्या क्षणी जागची हलली नाही, तर ती स्नायूला चिकटली असावी, असा अंदाज बांधता येतो. लसिका म्हणजे ऊतींमधून निघणारा पातळ द्रव; तो वाहून नेणाऱ्या त्वचेखालच्या लसिकावाहिन्या तुंबल्या की त्वचा संत्र्याच्या सालीसारखी सुजट आणि खाचखळग्यांची दिसते.

स्तनातील सुमारे तीन चतुर्थांश लसिका काखेतील लसिकाग्रंथींकडे, म्हणजे हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठींकडे, जाते, आणि रोगही बहुधा याच वाटेने पुढे सरकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून ही लसिका सर्वांत आधी ज्या ग्रंथींत पोहोचते त्या शोधतात. त्या निरोगी निघाल्या तर सहसा बाकीच्या काढाव्या लागत नाहीत आणि हाताला कायमची सूज येण्याचा धोका बराच टळतो. बाईला पुढे आयुष्यभर त्याच हाताने कामे करायची असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचे मोल समजते.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांची हाताने तपासणी केली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नाशी आणि त्यापुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. केवळ हाताने केलेल्या तपासणीचे हे फलित मला फार मोलाचे वाटते.

कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. नवी गाठ, नव्याने आत वळलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारे रक्त दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे जा. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टरांची मागणी करा किंवा परिचारिकेला सोबत थांबायला सांगा, आणि तपासणाऱ्यांचा हात काखेपर्यंत गेला नाही, तर तेही तपासून द्या, असे नि:संकोच म्हणा.