उभं राहून मोजलंत का?

(कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘रक्तदाबाची औषधं : कोणाला किती?’ त्याकडे येणारच आहे. आधी मला एक सांगा. रोज रक्तदाबाची गोळी घेणारे हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता ज्यांचा रक्तदाब डॉक्टरांनी कधी तरी उभं करून मोजलाय, त्यांनीच हात वर ठेवा. तीन, चार... मागच्या आजी, पाच. पहाटे उठून पर्वती चढणारी तुम्ही माणसं, आणि उभ्यानं रक्तदाब मोजलेले पाच! मी आज आलोय तो यासाठीच.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. शनिवार पेठेतल्या वाड्यात तिचं आयुष्य गेलं. तेव्हा वय ८१, वजन जेमतेम ४२ किलो. गोळी एकच, एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५. या ‘एस’पाशी जरा थांबू, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. साध्या अ‍ॅम्लोडिपिनमध्ये दोन जुळे रेणू असतात, आपल्या डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. रक्तवाहिन्या सैल करण्याचं काम मुख्यतः त्यातला एकच करतो. तेवढा वेगळा काढला की झालं एस-अ‍ॅम्लोडिपिन. म्हणून ‘एस’ची २.५ मिलिग्रॅम ही साध्या ५ मिलिग्रॅमच्या बरोबरीची. आपल्याकडे केमिस्टच्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी असतात.

त्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. आत्या तीन मजले चढून गेली. दम लागलेला, तशातच पट्टा बांधला गेला, तोही स्वेटरच्या बाहीवरून. हात लोंबकळता, आणि मोजताना आत्याचं बोलणं चालूच. वरचा आकडा आला १७२. दम, लोंबता हात, बडबड, या प्रत्येकानं आकडा चढतो. नेहमीचे डॉक्टर नव्हते. जे होते त्यांना २.५ म्हणजे फारच थोडं वाटलं, त्यांनी ५ लिहिली. केमिस्टनं ‘एस’चीच ५ दिली. साध्या गोळीच्या हिशोबात ती झाली १०, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिनचा सर्वांत मोठा डोस. एवढ्याशा बाईला! अशा नाजूक प्रकृतीच्या म्हाताऱ्या माणसाला साधं अ‍ॅम्लोडिपिन सुरू करतानाही आम्ही २.५ पासूनच करतो.

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. हे औषध शरीरातून सावकाश जातं. निम्मं जायलाच ३० ते ५० तास लागतात, उतारवयात त्याहूनही जास्त. जुनी गोळी पुरती गेलेली नसते, तोवर नवी येते. पातळी स्थिरावायला आठवडा तरी लागतो. नवव्या दिवशी पहाटे आत्या देवघराकडे जायला उठली आणि उंबऱ्याशी कोसळली. उजवं मनगट मोडलं. सगळे म्हणाले, वय झालं, तोल गेला. गोळी बदलून आठवडा उलटला होता, त्यामुळे तिच्यावर कोणाचा संशयच गेला नाही.

मी तेव्हा एम. डी. करत होतो. संध्याकाळी गेलो. बसवून मोजला, १३८. घरचे खूश. मग तिला धरून उभं केलं, मिनिटभरानं पुन्हा मोजला, तर १०४. “अरे, डोळ्यांपुढे अंधारी येतेय,” म्हणाली. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर ती धोक्याची खूण. इथे वरचाच ३४ नं उतरला होता.

हाड जुळलं. पण श्रावणात अख्ख्या वाड्याला फुलवाती वळून देणारी आत्या, तिच्या बोटांत ती पकड पुन्हा आली नाही. मला आजही त्याचा संताप येतो. तिला उभं करून मोजायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं.

डोस मोठा तर गुण मोठा, ही समजूत आम्हा डॉक्टरांमध्येही मुरलेली आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाब उतरवणाऱ्या आपल्या सर्पगंधेवरचा शोधनिबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिला आणि ती मुळी जगभर पोचली. केवढ्या अभिमानाची गोष्ट! पुढे तिच्यातून निघालेलं रिसर्पिन भरमसाट डोसांत दिलं जाऊ लागलं, तेव्हा माणसं उदास होत असल्याच्या नोंदी येऊ लागल्या. हायड्रोक्लोरोथायाझाइड ही पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी एके काळी ५० किंवा १०० मिलिग्रॅम देत, आज आम्ही १२.५ पासून सुरू करतो. शेकडो चाचण्या एकत्र तपासणारा एक अभ्यास २००३ मध्ये आला. त्यात दिसलं की निम्म्या डोसनं पूर्ण डोसच्या सुमारे ८० टक्के गुण येतो. दुष्परिणाम मात्र बऱ्याच औषधांत डोसबरोबर चढत जातात. अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजतात ना, ती सूज त्यातलीच. म्हणून एक गोळी दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या जातीच्या गोळ्या थोड्या थोड्या देणं पुष्कळदा बरं.

हे ऐकून घरी जाऊन कोणी गोळी बंद करू नका हं. ऐंशीच्या पुढच्या लोकांवरची मोठी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू सुमारे एक पंचमांशानं कमी झाले. औषध होतं इंडापामाइड, दीड मिलिग्रॅम, लागलं तर जोडीला दुसरं. उद्दिष्ट १५०/८०, म्हणजे घाई नाही. आणि उभ्यानं ज्यांचा वरचा आकडा १४० च्या खाली होता, त्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. बघा, तिथेही उभं करून मोजलं होतं!

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. मूळ विषय आता पळत पळतच सांगावा लागणार.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल, किंवा दिवस राहावेत असं वाटत असेल, तर टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांतलं काहीही चालत नाही. बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. तिथे लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा वापरतात. सासूबाईंची गोळी सुनेला, हा प्रकार मी पाहिलाय. नको.

मूत्रपिंड कमजोर असेल तर हीच टेल्मिसार्टन-रामिप्रिल पुष्कळदा उपकारक ठरतात, पण सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासायलाच हवं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर आम्ही सहसा गोळी न बदलता वाट बघतो. पोटॅशियम चढलं तर वाट बघता येत नाही. ‘कमी सोडियम’चं मीठ आणलंय घरी? त्यात बहुधा पोटॅशियमच असतं, डॉक्टरांना सांगा. आणि गुडघे दुखतात म्हणून स्वतःच्या मनानं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. सार्टन (म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टनच्या जातीची गोळी), पाण्याची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड कोलमडू शकतं.

यंदा वारीला कोण निघालंय? छान. दिवे घाट चढताना घाम, वर एकादशीचा उपास. उलट्या-जुलाब लागले तर पाण्याची गोळी आणि सार्टन तशीच रेटू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बहुधा नीट खाणंपिणं सुरू होईपर्यंत ती थांबवतात. दम्याचा त्रास असेल तर बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) देण्याआधी डॉक्टरांना आठवण करून द्या. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन ही रक्तदाबाची औषधं एकदम सोडायची नाहीत, रक्तदाब उसळतो, छातीत दुखू शकतं. प्रोस्टेटची गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिली असेल तर तीही दाखवा, तिनंही उभ्याचा रक्तदाब उतरतो. आणि केमिस्टनं स्ट्रिप दिली की नाव पुरतं वाचा, ‘एस’ आहे की नाही ते बघा.

दाराजवळच्या टेबलावर दोन मशीन ठेवलीत. पाच मिनिटं गप्प बसा, बाही वर करा, हात टेबलावर. मग उभं राहायचं, शेजारी कोणी तरी धरायला हवं. पहिल्या रांगेतले काका, तुम्ही आधी या, सावकाश उठा.