व्हिएन्नातला शनिवार-रविवार आणि आत्याची नाडी

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपातल्या एखाद्या जुन्या राजधानीत शनिवार-रविवार थाटात घालवायचा म्हटले, की आपला हात आधी खिशाकडे जातो. व्हिएन्नाबाबत मात्र माझा अनुभव असा, की तेथल्या थाटाचा संबंध पैशापेक्षा रीतीशी अधिक आहे. कॉफी कशी प्यावी, ऑपेराला कसे उभे राहावे, रविवारी काय करू नये, एवढे ठाऊक असले की पुरते. दहा दिवसांत नऊ शहरे दाखवणाऱ्या सहलीत हे साधत नाही. अशा सहलींतून माणसे शहरे पाहून येत नाहीत, बसच्या खिडक्या पाहून येतात, असे माझे मत आहे आणि ते मी घरच्यांच्या नाराजीसह बाळगून आहे.

शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलात, तर सामान टाकून प्रथम रिंगस्ट्रासवर एक फेरी मारावी. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याने 1857 मध्ये शहराभोवतीची तटबंदी पाडण्याचा हुकूम दिला आणि त्या जागी पाच किलोमीटरहून थोडा लांब असा हा रुंद रस्ता झाला. संसद, विद्यापीठ, संग्रहालये आणि ऑपेरा हे सारे त्याच्याच कडेने उभे आहे. ऑपेराची इमारत बांधली जात असताना समोरच्या रस्त्याची पातळी वाढली, तेव्हा व्हिएन्नाकरांनी तिला ‘बुडालेली पेटी’ म्हणून इतके हिणवले, की तिच्या दोन वास्तुविशारदांपैकी व्हान डेअर न्यूल याने 1868 मध्ये आत्महत्या केली आणि काही आठवड्यांतच दुसरा, झिकार्ड्सबुर्ग, हाही गेला. 25 मे 1869 रोजी मोझार्टच्या ऑपेराने उद्घाटन झाले, ते पाहायला दोघेही नव्हते. या प्रकारानंतर सम्राटाने कोणत्याही कलाकृतीविषयी “फार सुंदर होते, मला फार आनंद झाला” याखेरीज काही बोलायचे नाही असे ठरवले, असे तेथे सांगतात. मी पुण्यात वाढले असल्यामुळे या गोष्टीतल्या टीकाकारांना लगेच ओळखले.

शनिवारी सकाळी कॉफीगृह. कॅफे स्पेर्ल 1880 पासून चालू आहे, तेथे जावे. मेलान्झ, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवली की ती धातूच्या तबकात येते, सोबत पाण्याचा ग्लास येतो आणि ग्लासाच्या तोंडावर चमचा पालथा ठेवलेला असतो. हे पाणी आल्प्सच्या झऱ्यांचे, 1873 पासून नळाने शहरात येणारे. लाकडी दांडीला अडकवलेले वर्तमानपत्र घ्यावे आणि एका कॉफीवर दोन तास बसावे, कोणीही उठवत नाही. पुन्हा सांगते, एका कॉफीवर दोन तास. आपल्याकडे शेवटचा घोट घशाखाली उतरण्याआधी बशीत बिल येऊन पडते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना त्या दोन तासांची किंमत कळेल.

आता शनिवारची संध्याकाळ, आणि मला खरे तर हेच सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी माझ्या आत्याबरोबर व्हिएन्नात होते. आत्या निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, लहानपण संगीत नाटकांच्या पिटात गेलेले. ऑपेराच्या खुर्चीचे तिकीट दोनशे युरोंच्या पुढेही जाते, हे ऐकून तिने कानावर हात ठेवले. तेव्हा मी तिला उभ्याच्या जागांची गोष्ट सांगितली. या नाट्यगृहात चारशेहून अधिक प्रेक्षक उभे राहून ऑपेरा ऐकतात, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या जागा तळमजल्यावर, मधल्या शाही कक्षाच्या बरोबर खाली आहेत. त्या वेळी तिकीट चार युरो होते आणि खिडकी प्रयोगाआधी ऐंशी मिनिटे उघडत असे. आता ही तिकिटे महागली आहेत आणि त्याच दिवशी इंटरनेटवरूनही मिळतात, पण खुर्चीच्या मानाने अजूनही स्वस्तच आहेत. आत्या म्हणाली, “अगं, बोडसांच्या वाड्यातल्या लग्नात मी याहून जास्त वेळ उभी राहिले आहे.”

आम्ही रांगेत अडीच तास आधी उभ्या राहिलो. आत्या नारायणपेठी नेसली होती, मी साधा कुडता घातला होता. तिकीट हाती आल्यावर आत धाव घ्यायची, कठड्याची दांडी गाठायची आणि आपल्या जागेवर रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा, ही तेथली रीत आहे. एकदा कापड बांधले, की जागा तुमची. मग खुशाल बाहेर जा, पाणी प्या, जिन्यावर फिरा. त्या कापडाला कोणी हात लावत नाही. पुन्हा सांगते, जाताना बांधायला काहीतरी सोबत ठेवा. कारण आमच्याजवळ काहीच नव्हते. उकाड्यामुळे मी ओढणी हॉटेलात टाकून आले होते, आणि आत्याचा रुमाल तिच्या पदराइतकाच तिला हवा होता.

आत्याने पर्स उघडली. तीत सेफ्टी पिना होत्या, सुईदोरा होता, आवळासुपारी होती आणि परकराची एक जादा नाडी होती, पांढरी, नवीकोरी, दोन हात लांब. मी “आत्या, नको गं” म्हणेपर्यंत तिने नाडीचे एक टोक आपल्या जागेवर आणि दुसरे माझ्या जागेवर बांधून टाकले होते. भोवती रेशमी स्कार्फ होते, एक सुरेख नक्षीचा रुमाल होता, आणि मध्ये आमची नाडी.

शेजारी काळ्या कोटातले एक वृद्ध गृहस्थ होते. विद्यार्थी असल्यापासून आपण येथेच उभे राहतो, असे त्यांनी सांगितले. नाडीकडे बराच वेळ पाहून त्यांनी अतिशय आदबीने विचारले, की हा पट्टा कोणत्या पोशाखाचा आहे. मी शब्द शोधत होते. आत्याने वर्गात उत्तर सांगावे तशा स्पष्ट इंग्रजीत सांगितले, “आतल्या कपड्याचा.” गृहस्थ किंचित झुकले आणि म्हणाले, “मग बाईसाहेब, याला हात लावण्याचे धाडस कोणीही करणार नाही.”

त्यांचे भाकीत खरे ठरले. मध्यंतरानंतर परतलो तर आमच्या जागी दोन तरुण उभे होते. गृहस्थांनी एक शब्दही न बोलता नाडीकडे बोट दाखवले, आणि ते दोघे बाजूला झाले.

प्रयोग पुच्चिनीच्या ‘टोस्का’चा होता. हीच मांडणी तेथे 1958 पासून चालत आली आहे. दुसऱ्या अंकात नायिका त्या दुष्ट पोलीसप्रमुखाला सुरीने मारते, तेव्हा आत्याने नाडी दोन्ही हातांनी अशी ओढली, की दांडी हलल्याचा मला भास झाला. तिसऱ्या अंकात मरणाच्या दारातला नायक आपले गाणे म्हणतो. टाळ्या थांबेनात. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, “एवढे वाजवतात, मग वन्समोर का नाही घेत?” प्रयोगानंतर मी तो प्रश्न गृहस्थांना विचारला. ते हसले आणि त्यांनी एप्रिल 2016 मधली गोष्ट सांगितली, जी तेथल्या रसिकांना चांगलीच ठाऊक आहे. योनास काउफमान या गायकाने याच गाण्याला वन्समोर दिला, वाद्यवृंद पुढे गेला, पण नायिका रंगमंचावर आलीच नाही. तेव्हा त्याने आपल्याजवळ नायिका नाही, असे तालात गाऊन टाकले आणि सारे नाट्यगृह हसले. आत्याला ते फार आवडले. आमच्याकडेही नट विंगेतच अडकत, पण एवढा सुरात कोणी सांगत नसे, असे ती म्हणाली.

मग नाडी सोडवायची वेळ आली आणि ती सुटेना. बांधताना आत्याने घाईत निरगाठ मारली होती, आणि दुसऱ्या अंकातल्या ओढण्याने ती पक्की झाली होती. गृहस्थांनी नखे लावून पाहिली, मी पिन लावून पाहिली. दारावरचा कर्मचारी अत्यंत सभ्यपणे दिव्यांकडे पाहू लागला. शेवटी नाडी तेथेच सोडून आम्ही निघालो.

रविवारी व्हिएन्नातली दुकाने बंद असतात, हे मी आधी सांगायला हवे होते. रविवारी दुकाने बंद, श्रोतेहो, म्हणून खरेदी शनिवारीच उरकावी. सकाळी साडी नेसताना आत्याच्या परकराची नाडी तुटली. जादा नाडी ऑपेरात होती आणि सारे शहर कुलूपबंद होते. हॉटेलच्या खोलीत आदल्या दिवशी आणलेले झाखरटोर्टचे खोके होते. 1832 मध्ये फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या शिकाऊ आचाऱ्याने ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिख याच्या मेजवानीसाठी केलेला, असे सांगतात तो हा केक. चॉकलेटच्या जाड थराखाली जर्दाळूचा मुरंबा असतो. आमच्या खोक्याला एक सोनेरी साटिनची फीत होती. आत्याने ती सोडली, लांबी कमरेशी मोजून पाहिली आणि परकरात ओवली.

त्या फितीवर आम्ही कला-इतिहास संग्रहालयात सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रूगेल याच्या चित्रांपुढे दीड तास उभ्या होतो. ‘शेतकऱ्यांचे लग्न’ या चित्रात दोन माणसे बिजागऱ्यांतून काढलेल्या दारावर वाडगे ठेवून वाढायला निघाली आहेत. आत्या त्या दाराकडे पाहत राहिली आणि मग हळूच पदर सारखा करून म्हणाली, “बघ, पंगतीत ऐनवेळी काही कमी पडले, की घरातले जे हाताला येईल ते घ्यावे लागतेच.”